अर्धा मेलेला महिषासुर

आमच्या जव्हारात कुणी माझ्या बायकोला विचारलं की तुमचे हे हल्ली काय करतात, तर सुनंदा पदराला हात पुसत शांतपणे सांगते, "अंधार करतात."

विचारणारा गप्प होतो. पुढे काय विचारावं हे त्याला सुचत नाही, आणि सुनंदाला नेमकं तेच हवं असतं. पण ती खोटं बोलत नाही. माझ्या कामातला निम्म्याहून जास्त वेळ अंधार करण्यातच जातो. खिडक्यांवर काळं कापड ठोकायचं, कौलांमधली भोकं बुजवायची, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबायचं. मग त्या अंधारात चार प्रोजेक्टर चार भिंतींवर चित्रं टाकतात, पाचवा जमिनीवर टाकतो, आणि माणूस चालेल तशी ती चित्रं हलतात, पळतात, फुलतात. शहरात याला मोठमोठी नावं आहेत. मला ती पाठ आहेत, पण उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून मी नुसतं 'आमचा शो' म्हणतो.

आधी माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळेचे ओळखपत्राचे फोटो. मोबाइलने तो धंदा गिळला. त्याच सुमाराला आमची केतकी मुंबईत कलेचं शिक्षण घेऊन परत आली आणि म्हणाली, "पप्पा, मला वायरिंग जमणारा, शिडीवर चढणारा आणि न विचारता काम करणारा माणूस हवाय." पहिल्या दोन गोष्टी मला येतात. तिसरी यायला वेळ लागला, आणि ती पुरती आली नाही म्हणूनच हा लेख आहे.

तर मी माझ्या मुलीच्या हाताखाली काम करतो. आयुष्यभर नवरा-नवरीला "जरा मान वर, हसा" सांगणारा मी, आता शिडीच्या टोकावर उभा असतो आणि खालून आवाज येतो, "पप्पा, अजून दोन इंच डावीकडे. तुमचं नाही, माझं डावीकडे."

आमचा पहिला गावाकडचा शो मोखाड्याला झाला. बाजाराचा दिवस, एका शाळेचा हॉल. केतकीने जमिनीवर नदी केली होती. तुम्ही पाण्यात पाय टाकलात की मासे बाजूला पळायचे. मुंबईच्या कलादालनात लोकांनी डोळे पुसले होते म्हणे. इथे पहिल्यांदा सूर्यमाळकडच्या पाच-सहा बायका आल्या. बाजार करून निघालेल्या, डोक्यावर पाट्या. दारात चपला काढल्या, लुगडी गुडघ्यापर्यंत धरली आणि पाण्यात उतरल्या. मासे जागचे हलेनात.

मी घामाघूम. मग लक्षात आलं. छताला टांगलेला सेन्सर वरून बघतो, आणि त्याला माणूस म्हणजे एक डोकं आणि दोन खांदे एवढंच शिकवलेलं. डोक्यावर पाटी घेतलेली बाई त्याच्या लेखी माणूसच नव्हती. तिला तो टेबल समजत होता. हे शिकवताना आम्हाला पाटी आठवली नाही, आणि मी तर जन्म इथेच काढलेला.

त्यातली एक म्हातारी बाहेर जाताना मला म्हणाली, "मासं भारी धीट हायत रं तुझं." चपला घालून पुन्हा वळली. "पन एवढा पानी भुईवर सांडतास, आमचे हंड्यात वत ना जरा."

सूर्यमाळला उन्हाळ्यात पाण्याची काय दशा असते हे मला ठाऊक आहे. मी गोणपाट सरळ करत बसलो.

त्याच दिवशी दुपारी लहानूबाबा आले. हॉलच्या कोपऱ्यात आम्ही एक खुर्ची आणि डोळ्यांवर बांधायचा तो डबा ठेवला होता. डबा घातला की तुम्ही जिथे नाही तिथे असता. मान वळवाल तिकडे ते जग दिसतं, मागे वळलात तर मागचंही. सकाळपासून तो डबा मी दारात येईल त्याच्यापुढे धरत होतो. "घाला ना, घाबरू नका, शॉक लागत नाही." सगळे पुढे यायचे, बघायचे, हात जोडल्यासारखं करायचे आणि मागे सरायचे. संध्याकाळी न खपलेली मेथी घेऊन बसलेल्या माणसासारखी माझी अवस्था.

लहानूबाबा सत्तरीचे, सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावरचे. थोडी नागली, थोडा भात पिकवणारे. बरोबर धाकटा भाऊ महादू. तोही साठीचा, पण बाबांच्या मागे असा चालायचा की जणू दोरीने बांधलाय. बाबांनी डबा हातात घेतला, नाकाशी नेला, आत डोकावून मला विचारलं, "हे सोंग कुनाचे घरचं?"

इथे बाहेरच्या वाचकांसाठी थांबायला हवं. आमच्याकडे चैत्राच्या आगेमागे गावोगाव बोहाडा होतो. देवांचे, दानवांचे मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचतात. तो मुखवटाही सोंग आणि घालणारा माणूसही सोंग. प्रत्येक सोंग एकेका घरचं. गणपती या घरचा, रावण त्या घरचा. पिढ्यान्‌पिढ्या. दुसऱ्याने ते तोंडाला लावायचं नाही. लहानूबाबांच्या घरी महिषासुर होता. (बाबांची बोली मी इथे जराशी सोपी करून लिहितोय. जशीच्या तशी लिहायला गेलो तर मी चुकेन, आणि मग मोखाड्याच्या बाजारात मला भाजी मिळायची नाही.)

"कुणाच्याच घरचं नाही, बाबा," मी उत्साहाने म्हणालो. "सगळ्यांचं!"

"सगळ्यांचा मंग घालनार कोन?" बाबा म्हणाले. "आनि मागं धरायला कोन?"

तेव्हा मला उमगलं की सकाळपासून लोक घाबरत नव्हते. दुसऱ्याच्या घरचं सोंग तोंडाला लावायची चूक करायला तयार नव्हते, एवढंच. आणि धरणाऱ्याचंही खरं होतं. मुखवट्याच्या आतून दोन भोकांएवढंच दिसतं. म्हणून सोंगाच्या मागे एक माणूस त्याच्या कमरेचा शेला धरून असतो. वळवायचं तिकडे वळवतो, अडखळला तर सावरतो. महादूने तीस-चाळीस वर्षं तेच केलं होतं. त्या दिवशीही काही न सांगता तो खुर्चीमागे गेला, बाबांचा शेला मुठीत धरला, आणि मगच बाबांनी डबा चढवला.

त्यानंतर रांग लागली. प्रत्येकजण आपापला धरणारा घेऊन आला. मी मोकळाच होतो.

बाबांनी डबा काढला तेव्हा त्यात पाहिलेल्या बर्फाच्या डोंगराबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाले, "यात मना घालशील?"

"म्हणजे?"

"मी म्हसासूर. चाळीस वर्सां देवी मना मारते. आख्खा गाव पाहतो. मी कसा मरतू ता मनाच ठावं नाय. आतून निस्ती तिची पावलां दिसतात, मंग आभाळ."

महादू हसला. "झ्याक मरतंस, दादा."

"तू गप. तू मागं असतूस, तुना काय दिसतं?" बाबा माझ्याकडे वळले. "डोळं चाललेत रे. डागदर बोलला, काचबिंदू. गेलेलं मागारी येत नाय. कडंकडंनी अंधार येतो, मधी भोक उरतं." मग स्वतःच म्हणाले, "एक सोय झाली. आता सोंग न घालताच सोंगातलं दिसतं."

मी हसलो, मग हसल्याची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी शब्द दिला. तुमचं मरण तुम्हाला दाखवतो. भोक बुजायच्या आत.

केतकी ते ऐकून म्हणाली, "पप्पा, आपण नीट करू. मी येते." पण बोहाड्याच्या वेळी तिचं मुंबईत काम निघालं. ती म्हणाली, "कॅमेरा मधोमध लावा, सुरू करा आणि लांब जा. बस. बाकी काहीही करू नका."

बाकी काहीही करू नका हे वाक्य ज्या माणसाला सांगू नये तो मी.

हा कॅमेरा चहूबाजूंनी बघतो. त्याला दोन भिंगं, पाठीला पाठ लावलेली. एक अर्धं जग बघतं, दुसरं उरलेलं अर्धं, आणि मग संगणक दोन्ही शिवतो. शिलाई येते तिथली लांबची वस्तू नीट दिसते. पण कॅमेऱ्याच्या अगदी जवळची वस्तू शिलाईत सापडली तर ती चक्क गायब होते. म्हणून शिलाई अशा बाजूला ठेवायची जिथे काही घडणार नाही.

दुसरी अडचण अशी, की जो चहूबाजूंनी बघतो त्याच्या मागे उभं राहायला जागाच नसते. लपावं लागतं. देवीचं सोंग सकाळी उजेडात निघतं. मी पहाटेच बाबांच्या गावच्या मैदानात गेलो, मधोमध बांबू रोवला, वर कॅमेरा बसवला. शाळेच्या कडेला पाण्याचा निळा ड्रम होता, तिथे मी लपणार होतो. म्हणून शिलाई बरोबर ड्रमच्या बाजूला आणली. म्हणजे आलोच तर मी निम्मा तरी गायब होईन, असा माझा हिशोब. लांबची वस्तू शिलाईत नीटच दिसते, हे ऐन वेळी विसरलो.

इथवर ठीक होतं. मग मला वाटलं, भर मैदानात उघडा बांबू बरा दिसत नाही. कुणी लाथ मारेल, आडवा करेल. म्हणून मी त्याला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. बुंध्याशी तांदळाची रास घातली, नारळ ठेवला, उदबत्ती लावली. लांब जाऊन बघितलं आणि स्वतःच्या सौंदर्यदृष्टीवर खूष झालो.

आता सांगा, बोहाड्याच्या मैदानात मधोमध आंब्याच्या डहाळ्यांचा खांब, खाली नारळ. येणारा माणूस काय समजेल?

पहिली आली ती एक आजी. खांबापुढे वाकली. भोवती फिरून डहाळ्यांमधून वर बघितलं, तर पुढे एक आणि मागे एक गोल डोळा चमकतोय. तिने देवाला लावावं तसं एका डोळ्याला कुंकू लावलं. मी ड्रममागून ओरडणार होतो, पण तोवर संबळ सुरू झालं. मग येईल तो पाया पडून जाऊ लागला. गणपती पाया पडला. मारुती पाया पडला. आणि देवी आली ती थेट खांबाला प्रदक्षिणा घालून, तिथेच, त्याच्या बुंध्याशी महिषासुराला भिडली. जिथे देव उभा आहे तिथेच दानव मरणार, हे माझ्याखेरीज सगळ्यांना कळत होतं. बाबा पडले ते नारळाशेजारी. ड्रमच्या बाजूला.

दोन दिवसांनी केतकीने ते संगणकावर लावलं. महिषासुर येतो, शिंगं उगारतो, देवी त्रिशूळ उचलते. तो मागे झुकतो, आणि शिलाईत शिरतो. आधी शिंगं जातात, मग मान, मग छाती. उरतात फक्त दोन पाय, तेही कुंकवाच्या लाल धुक्यात. त्याच्या पलीकडे, कुंकू न लागलेल्या भिंगात, निळ्या ड्रममागे उकिडवा बसलेला मी मात्र लख्ख दिसतो. तोंडात बिस्किट.

केतकीने चित्र तिथेच थांबवलं. मग म्हणाली, "पप्पा, महिषासुराला देवीने नाही मारलं. तुम्ही मारलंत."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती रात्रंदिवस ते दुरुस्त करायला बसली. कुंकू थोडं निघालं. मान परत येईना. जी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहिलीच नाही ती कुठून आणणार?

आणि मी काय केलं? मी टाळाटाळ केली. वैशाख गेला, पाऊस लागला. मोखाड्याला कामाला गेलो तर बाजाराची वाट सोडून मागून जायचो. एकदा स्टँडवर दोघे भाऊ समोरूनच आले. मी चटकन एका जीपमागे झालो. आता बाबांना मी दिसणार नव्हतो, हे मला ठाऊक होतं. म्हणजे मी कुणापासून लपलो? जीपच्या पलीकडून महादूचा आवाज आला, "दादा, तो अंधारवाला लपला."

"असू दे," बाबा म्हणाले. "त्याचं काय काम असंल."

घरी येऊन जेवताना हे मी सुनंदाला सांगितलं. विनोद म्हणून सांगायला सुरुवात केली होती. ती भाकरी भाजता भाजता थांबली. "अहो, म्हाताऱ्याचे डोळे तुमच्या शिलाईसाठी थांबणारेत का? अर्धा मेलेला दाखवा. पण दाखवा."

लावणी उरकल्यावर आम्ही गेलो. मी, केतकी, आणि मी पुन्हा कुठे लपू नये म्हणून सुनंदा. जीप सोडून पुढे पायी, चिखल तुडवत. बाबा ओटीवर बसले होते. आमच्या आवाजाच्या दिशेने त्यांनी मान अशी फिरवली, की एखादा नळीतून बघतोय.

"किती दिसतं आता?" मी विचारलं.

"तांदळाचे दाण्याएवढा," बाबा म्हणाले. "पन तांदूळ असला म्हंजे भात होतो."

घरात शिरलो. कुडाच्या भिंती, खिडकी नाही. दुपारीही आत चांगला काळोख होता. या धंद्यात मला पहिल्यांदाच अंधार करावा लागला नाही. हातांना काही काम नव्हतं, म्हणून कबुली द्यायची वेळ आली. मी सगळं सांगितलं. डहाळ्या, नारळ, कुंकू, शिलाई. "बाबा, तुमचं पडणं यात नाही. मी घालवलं. पाय तेवढे आहेत."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. महादूला म्हणाले, "पघ. मी बोललू नव्हतू, तो नारळ कुनी मांडला म्हनून?" मग माझ्याकडे हात पुढे केला. "आन. हायत तेवढं पाय पाहतू."

महादू मागे उभा राहिला. शेला मुठीत धरला. केतकीने डबा चढवला.

बाबा जरा पुढे वाकले. दाण्याएवढ्या भोकातून ते मैदान तुकड्या-तुकड्याने शोधत होते. मान हळूहळू फिरत होती. आवाज आम्हालाही ऐकू येत होता. संबळ चढत गेलं तसे बाबांचे पाय जमिनीवर ताल धरू लागले.

"आलू," ते म्हणाले. "हा मी. शिंग वाकडा झालाय रे, महाद्या. सांगला नाय कधी." मग, "ही आली. बाप रे. केवढी दिसते ही!"

संबळाचा तो शेवटचा ठोका जवळ आला. ठोका पडला आणि बाबा खदखदून हसले. "गेली! मान गेली! आरं, कुंकवात बुडालू!" मग, "तो कोन बिस्कुट खातो?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलंही नाही.

बाबा आपली मान शोधत होते. उजवीकडे गेले, नाही. खाली, नाही. मग डावीकडे, शिलाईच्या पलीकडे, आणि तिथे थांबले. हसणं हळूहळू विरलं. पायांचा ताल बंद झाला.

मला ठाऊक होतं तिथे काय आहे. संगणकावर मी ते पन्नासदा पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं, कारण मी बाबांची मान शोधत होतो. तिथे महादू आहे. दोन्ही हात पुढे पसरलेले. शिलाईने महिषासुर खाल्ला, त्यामुळे हातांत काहीच नाही. रिकाम्या हवेला सावरत, गुडघे टेकत तो खाली जातोय. आणि चेहरा वर, उजेडात.

"महाद्या," डब्याच्या आतून आवाज आला. "तू रडतूस?"

महादू बाबांच्या मागे होता. शेल्यावरची मूठ सैल झाली नाही. "घाम असंल."

"सकाळचे पारी?"

महादूने शेल्याला आणखी एक पीळ दिला.

"दर सालीं रडतूस?"

"तू पडतूस ना," महादू म्हणाला, "तवा हलत नाय तू. देवी जाईस्तोवर. मना वाटतं, औंदा उठशील का नाय."

"उठतूंच ना रे."

"उठलास का हसतू. ता पन असंल त्यात. पघ ना."

केतकीने पुढचं लावलं. ते होतं. बाबांनी ते पाहिलं. मग म्हणाले, "परत." आम्ही परत लावलं. महिषासुर येतो तिथून नव्हे, महादू दिसतो तिथून. किती वेळा ते मी मोजलं नाही. मधे महादूच्या बायकोने चहा आणला आणि तो गार झाला. मरणाचं कुणी पुन्हा विचारलंच नाही.

निघताना मी म्हणालो, "बाबा, पुढच्या बोहाड्याला पुन्हा काढतो. नीट. मान-बिन सगळी."

"आता मी नाय घालनार," बाबा म्हणाले. "महादूचा पोरगा घालील. तो काय, दोन पोरांचा बाप झाला." मग जरा थांबून, "मी मागं धरीन."

मी चाचरत म्हणालो, "पण बाबा, डोळे..."

"धरायला डोळं लागतात का? संबळ कवा काय बोलतो ता मना ठावं. चाळीस वर्सां मीच पडलू. कवा पडायचा ता माझ्यापरीस कोनाला ठावं?"

"आणि महादू?"

"तो फुडं बसंल, लोकांत. त्यानी तरी कुठं पाहेल आहे सोंगाचा तोंड? जलमभर पाठच पाहिली."

महादूने जमिनीकडे बघत शेला झटकला आणि घडी घातली.

आता भोक पुरतं बुजलंय असं महादू फोनवर सांगतो. बाबा अंगणात पुतण्याचा शेला धरून तालीम करतात. त्याला लवकर पडतोस म्हणून शिव्या घालतात. केतकी या वेळी स्वतः येणार आहे, आणि मला जीपमध्येच बसवून ठेवायचं असा घरातल्या दोघींचा ठराव झालाय. मी शिडी, वायरी, सेन्सर सगळं काढून पुसून ठेवलंय. डोक्यावर पाटी असली तरी माणूस ओळखायला सेन्सर आता शिकलाय, हे जाता जाता सांगतो. आम्हाला थोडा वेळ लागला, इतकंच.

परवा पुन्हा महादूचा फोन आला. मागून बाबा काहीतरी सांगत होते आणि महादू हसत होता.

"दादा इचारतो," महादू म्हणाला, "औंदा तुझा देव कुठं हुबा करनार ता आधी सांग. आम्ही दुसरीकडं मरतू."